दोन हॉर्न, म्हातारी पुढे

मी मॅनेजर झालो तो सासूबाईंच्या मतामुळे, आणि त्यांचं मत माझ्या विरोधात होतं.

नाशिकच्या एका बेकरीत मी अकरा वर्षं पावाचा टेम्पो चालवत होतो. सकाळी माल भरायचा आणि नाशिकरोड, एकलहरे, देवळाली कॅम्प करून दुपारी परत यायचं. एक दिवस शेठ म्हणाले, "दत्तू, आता ऑफिसात बस. सगळ्या गाड्या तू बघायच्या. आठ दिवस खुर्चीत बसून बघ. मग मला एकच सांग, खुर्ची का टेम्पो."

घरी मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, उत्तर त्याच संध्याकाळी देऊन टाकलं. गल्लीत पेढे वाटले. माझं मात्र काही केल्या ठरेना. घरून निघताना खुर्ची हवीशी वाटायची, दहा वाजता टेम्पो, जेवताना पुन्हा खुर्ची. (जेवण टेबलावर मिळायचं ना!) बसलो की डावा पाय आपोआप टेबलाखाली क्लच दाबायचा. बाहेर हॉर्न वाजला की मी उठून उभा. चौथ्या दिवशी शेजारच्या टायपिस्टबाईंनी तक्रार केली की, दत्तूभाऊ बसले की जोडाक्षरं चुकतात.

माझ्या जागी गायकवाड आले होते. देवळालीच्या तोफखान्यात वीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेला माणूस. लेखी आलं की ते पाळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. शेठ मला म्हणाले, "त्यांना रस्ता नीट लिहून दे. काही सोडू नकोस."

मी काही सोडलं नाही. दोनशे पानी वही घेतली आणि अकरा वर्षं जसा जात होतो, तस्सा रस्ता लिहून काढला. लबाडी नव्हती हो. कामाचा थांबा कुठे संपतो आणि घरचा कुठे सुरू होतो, हेच मला कळेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, शेठ अचानक म्हणाले, "आज मीच गायकवाडांबरोबर जातो. बघू तुझी वही." टेम्पो फाटकाबाहेर पडला आणि मला पान तीन आठवलं. मी रस्त्यापर्यंत पळालो. तेव्हा आमच्यात मोबाईल फक्त शेठकडे होता, आणि त्यावर फोन करून सांगणार काय?

पुढचं सगळं गायकवाडांनी मला संध्याकाळी रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं.

पान तीनवर होतं: 'एकलहरे वळण. दोन हॉर्न. म्हातारी येईल. टोपल्या मागे, म्हातारी पुढे. वाद घालू नये.' गायकवाडांनी मोजून दोन हॉर्न दिले. मळ्यातून सासूबाई भाजीच्या टोपल्या घेऊन आल्या. त्या रोज माझ्याच टेम्पोतून कॅम्पच्या बाजाराला जायच्या. गायकवाडांनी खाली उतरून वही उघडली आणि विचारलं, "इथं म्हातारी असं लिहिलंय. ती आपणच का?"

सासूबाईंनी ते ऐकून घेतलं, पुढे चढल्या आणि पांढऱ्या सफारीतल्या शेठना म्हणाल्या, "सरका जरा. नवे क्लीनर का तुम्ही?"

शेठ सरकले.

"ही कोथमीर मांडीवर धरा. मागं चेपती."

शेठनी धरली.

"आमचे जावई मॅनेजर व्हायला निघालेत," सासूबाई सांगू लागल्या. "त्यांचं बूड घडीभर एका जागी टिकत नाय. त्यांचा शेठ लयच भोळा माणूस दिसतो."

कॅम्पात माझ्या मित्राचं सलून लागतं. वहीत होतं: 'बुधवार. दाढी.' गायकवाड पहाटेच दाढी करून आलेले. तरीही त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पुन्हा दाढी करून घेतली. शेठ कोथिंबीर धरून टेम्पोत बसून होते.

इकडे मी आतबाहेर करून करून टायपिस्टबाईंना घेरी आणली. टेम्पो परतला तेव्हा मी फाटकातच उभा होतो. शेठ उतरले. सफारीला कोथिंबिरीची पानं चिकटली होती.

"शेठ, चुकलं," मी म्हणालो. "मला खुर्ची नको. टेम्पोच द्या." आणि तोंडातून शब्द निघाल्यावर कळलं की अकरा वर्षं मी त्या टेम्पोला जीव लावला होता.

शेठनी घड्याळ पुढे केलं. "किती वाजले?"

"बारा."

"तू कधी यायचास?"

"दीड... कधी दोन."

"म्हातारी घेऊन, भाजी उतरवून, दाढी करून हा माणूस बाराला परत आला. मग दत्तू, तू वाटेत करायचास तरी काय?"

(बोलायचो. ते वहीत लिहायचं सुचलं नव्हतं.)

"तरी मी तुझ्या सासूबाईंना विचारलं, जावयाला परत गाडीवर पाठवू का? त्या म्हणाल्या, 'अजिबात नको. हा माणूस टोपली उचलतो, येळेवर येतो आन् मला आपण म्हणतो.' तेव्हा तू वह्याच लिही. लिहितोस छान."

अशी मला खुर्ची मिळाली. घरी गेलो तर मंगल दारातच. मला वाटलं, ओवाळणार. ती म्हणाली, "माझ्या आईला म्हातारी लिहिलंत?"

महिनाभरानं मला राहवेना. तपासणीच्या नावाखाली टेम्पोत पुढे जाऊन बसलो. एकलहऱ्याच्या वळणावर दोन हॉर्न झाले, सासूबाई आल्या. गायकवाड म्हणाले, "साहेब, आपण मागे. वहीवर आपलीच सही आहे."

कॅम्पपर्यंत मी पावांच्या ट्रेमध्ये, मांडीवर कोथिंबीर घेऊन बसलो. डावा पाय वाटभर क्लच दाबत होता, आणि गाडी त्याच्याशिवाय फार छान चालली होती.