इगतपुरीहून आलेला ज्यूकबॉक्स

माझ्या नवऱ्याचं रविवार कारंजाजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं. एका हिवाळ्यात इगतपुरीचे एक वयस्कर हॉटेलवाले टेम्पोत ज्यूकबॉक्स घालून घेऊन आले. कपाटाएवढं धूड. पुढे काच, आत ओळीनं लावलेल्या लहान तबकड्या, खाली आकड्यांची बटणं. पूर्वी त्यांच्या हॉटेलात लोक नाणं टाकून, बटण दाबून आवडीचं गाणं ऐकत. पुढे कॅसेटी आल्या आणि यंत्र कोपऱ्यात पडलं. तिकडच्या दमट हवेनं ते आतून गंजलं होतं, आणि आता हॉटेलही बंद होणार होतं.

"चालू झालं तर फोन करा," ते ह्यांना म्हणाले. "नाहीच झालं तर भंगारात द्या. पण मग मला कळवू नका."

हे बाकीची कामं बाजूला ठेवून त्याच्या मागे लागले. दुपारी मी डबा घेऊन जायचे, तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून त्यांवर दांडे, चाकं, स्प्रिंगा मांडलेल्या असत. जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालं होतं. हे रॉकेलमध्ये ब्रश बुडवून एकेक भाग धूत बसायचे.

"अगं, हा हात बघ," मला म्हणायचे. "एवढ्या तबकड्यांतून नेमकी हवी तीच उचलतो."

त्याच पसाऱ्यात एका सकाळी हे स्टुलावरून कलंडले. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अर्धांगवायू. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "बरं". भूक लागली तरी बरं, चिडले तरी बरं. आपण म्हणू ते सगळं कळायचं. बोलायला जायचे, ओठ थरथरायचे, आणि पुन्हा तेच. मग मान फिरवून भिंतीकडे बघत राहायचे.

चालायला लागल्यावर एक दिवस त्यांनी माझा पदर ओढला आणि मग दुकानाच्या किल्लीकडे बोट दाखवलं. मी शटर उघडलं. हे सरळ ज्यूकबॉक्ससमोर जाऊन बसले आणि डाव्या हातानं पाना माझ्या हातात दिला.

"मला काय येतंय त्यातलं?" मी म्हणाले.

"बरं," म्हणाले, आणि बोट एका स्क्रूवर ठेवलं.

अशी आमची दुरुस्ती सुरू झाली. हे बोट दाखवायचे, मी करायचे. कथील वितळवून वायरला डाग द्यायला मी तिथेच शिकले. एकदा दोन वायरींची अदलाबदल केली, तर ह्यांनी स्टुलावर मूठ आपटली. "बरं! बरं!" मी पक्कड टाकून रडायला लागले. थोड्या वेळानं माझ्या डोक्यावरून त्यांचा हात फिरायला लागला. "बरं... बरं..." त्या दिवशी आम्ही काम केलं नाही. शटर अर्धं ओढून नुसते बसून राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते यंत्र चालू झालं. नाणं टाकायची जागा पार गंजली होती, म्हणून तिथे साधं बटण बसवलं. दाबल्यावर आत घरघर झाली, हात सरकला, तबकडी उचलली गेली. खरखरीतून एक जुनं हिंदी गाणं उमटलं.

आणि हे गायला लागले. शब्दांसकट. पूर्ण ओळ, मग दुसरी ओळ. सूर थोडा हलत होता, पण एकही शब्द चुकला नाही. त्यांनाच धक्का बसला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गाणं चालूच होतं.

गाणं संपल्याबरोबर मी त्यांचे खांदे धरले. "अहो, बोला ना आता. मला हाक मारा."

त्यांनी खूप प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"बरं," म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. गाणं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. बोलणंही चालीत म्हणवून बघा. मग रोज दुकानात मी त्या गाण्याच्या चालीत "पाणी दे" म्हणायचे, हे मागून म्हणायचे. दोन-चार गोष्टी जमल्या. पाणी दे. नको. घरी चल.

हॉटेलवाल्यांना फोन केला. ते आले, काचेला हात टेकून त्यांनी गाणं ऐकलं, ह्यांच्याबरोबर गुणगुणलेही. जाताना म्हणाले, "वहिनी, हे इथेच राहू द्या. माझ्यापेक्षा ह्यांना गरज आहे."

माझं नाव त्या चालीत बसायच्या आधीच दुसरा झटका आला. त्यातून हे उठले नाहीत.

दुकान सोडावं लागलं. घरात यंत्र ठेवायला जागा नव्हती. हॉटेलवालेही तोवर राहिले नव्हते. गंगापूर रोडला नवं कॅफे निघालं होतं, तिथल्या मालकांनी ते हौसेनं नेलं. काही वर्षांनी भाचीबरोबर मी तिथे गेले. ज्यूकबॉक्स दाराशीच होता, छान पॉलिश केलेला, रंगीत दिवे लावलेले. मी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"ते बटण नुसतं शोभेला आहे, आंटी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आत आम्ही सीडी प्लेअर बसवलाय. जुनं सगळं काढून टाकलं."

"कुठे टाकलं?"

तिला माहीत नव्हतं. तिनं आत जाऊन विचारलंसुद्धा. कुणालाच माहीत नव्हतं.

भाचीनं कॉफी मागवली. ती बोलत होती आणि मी हो-हो म्हणत होते. वर कुठल्यातरी स्पीकरमधून गाणी चालू होती, एकामागून एक. त्यातलं एकही मला येत नव्हतं.