चकतीवरचं कुंकू

जिन्यात राजनंदिनी मॅडमच्या चपला वाजल्या आणि वैजनाथमामांच्या हातातलं फडकं जागीच थांबलं.

मामा धाराशिवच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई. राहायला बेंबळीत, एसटीनं येऊन-जाऊन. खंडेनवमीला घरच्या विळ्या-कोयत्यांची पूजा करायची आणि इथली यंत्रं तशीच ठेवायची, हे काही त्यांच्या मनाला पटेना. म्हणून सुट्टी असूनही सकाळीच येऊन त्यांनी पंपाला, भट्टीला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. इथवर ठीक होतं. पण काचेच्या पेटीत मॅडमच्या संशोधनाची धातूची चकती होती. विमानाच्या पंखावर बर्फ साचू नये म्हणून केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्यांचा लेप मॅडमनी तिच्यावर चढवला होता. दसरा झाला की ती बंगळुरूला तपासणीला जायची होती. मग तिलाच कसं वगळायचं? मामांनी झाकण उघडून चिमूटभर कुंकू वाहिलं.

झाकण लावताना त्यांना मॅडमचं बोलणं आठवलं. यावर धुळीचा कण बसला तरी सगळं वाया! मामांनी घाईनं झाकण परत उघडलं. फडक्यानं पुसायला गेले, तर कुंकू आणखीच पसरलं.

नोकरी जाणार, ही भीती होतीच. पण आपण गप्प बसलो, हाच लेप पुढं खऱ्या विमानाच्या पंखावर गेला आणि आत माणसं असली तर? मामा उभ्या जन्मात विमानात बसले नव्हते, तरी ते पडताना त्यांना दिसायला लागलं.

मॅडम आत आल्या.

"मॅडम, माझ्या हातनं लई मोठी चूक झाली," मामांनी पेटीकडं बोट दाखवलं.

मॅडमनी वाकून पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. तरी सावरून म्हणाल्या, "असू द्या. कपाटात दोन जादा आहेत. त्यातली पाठवू."

मामांनी कपाटाकडं बघितलं. "त्यास्नीबी लावलंय. एकीला लावायचं अन् दुसरीला न्हाय, बरं दिसतंय व्हय?"

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. आता शिव्या बसणार म्हणून मामा मान खाली घालून उभे राहिले. शिव्या आल्याच नाहीत. मॅडम बंगळुरूच्या साहेबांना फोन लावत होत्या, पण नेहमीचा नंबरही दोनदा चुकला. एवढी शिकलेली बाई आपल्याइतकीच भिते, हे बघून मामांचं उरलंसुरलं अवसानही गळालं.

"मामा," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "माझं बोलणं होईपर्यंत जाऊ नका. इथंच थांबा."

"न्हाय जात," मामा म्हणाले.