पाणी मानवलं

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी नांदेडहून बदली मागून घेतली. हौस माझीच. जळकोटकडं आमचं गाव, तिथं अप्पा, म्हणजे माझे वडील, एकटे राहायचे. जवळ असावं म्हणून आले आणि कलेक्टर कचेरीत मला बसवलं टंचाईच्या टेबलावर. पाण्याच्या टँकरसाठी गावांचे प्रस्ताव येत, ते साहेबांपुढं ठेवायचे आणि दोन्हीकडून शिव्या खायच्या, हे माझं काम.

शिव्या नुसत्या पचत नाहीत, त्यांच्यावर काहीतरी लोटावं लागतं. साहेब ओरडले की मी टेबलाचा खण उघडायची. त्यात फुटाणे, शेव, बाहेरच्या गाड्यावरची भजी. एखादा सरपंच टेबलावर हात आपटून गेला की माझा हात आपोआप खणात. भूक नसायची. घरी जाऊन पुन्हा भाकरीवर भाकरी, आणि झोप नाही ती नाहीच. उन्हाळा संपेपर्यंत एकही ब्लाउज धड राहिला नाही. डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितला. साहेब बंद करायला कुणी सांगितलं नाही.

माणूस अंगानं भरला की आपल्याकडं म्हणतात, पाणी मानवलं. ज्या शहरात नळ नुसता फुसफुसायचा, तिथं मला हे रोज ऐकावं लागे. घरमालकीण म्हणायची, शिपाई म्हणायचा. वर त्यांना वाटे, कौतुक करतोय. त्यांच्या डोक्यावर घागर उपडी करावीशी वाटे, पण भरलेली घागर होती कुणाकडं? साहेबांची तऱ्हाच निराळी. चारचौघांत म्हणाले, "बाई, जिल्ह्यापेक्षा तुमचाच विस्तार जोरात चाललाय." सगळी कचेरी हसली. याच माणसानं आमच्या गावचा प्रस्ताव बाजूला टाकला होता. का, तर बाई स्वतःच्या गावाला टँकर रेटतात. विहीर कोरडी पडल्याचा तलाठ्याचा अहवाल सोबत जोडलेला होता. तो त्यांनी उलटूनही पाहिला नाही.

गावात मात्र वेगळंच शिजलं. लेक टँकरच्या टेबलावर आणि गावाला टँकर नाही, एवढं त्यांना पुरलं. त्यात कामासाठी लातूरला आलेल्या कुणीतरी मला पाहिलं आणि मी किती फुगलेय ते गावभर सांगितलं. सगळ्यांची हाडं वर आलेली असताना जो फुगतो तो खातो. आणि कचेरीतल्या माणसानं खाल्लं म्हणजे काय खाल्लं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. देवळापुढच्या पारावर हे सगळं अप्पांच्या तोंडावर बोलले. ज्यांच्या टँकरसाठी मी बोलणी खात होते, तेच हे लोक. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

एका दुपारी अप्पा कचेरीत आले. वाळून काटकी झाले होते. एरवी आले की आधी माठाकडं जायचे, तांब्याभर पाणी पिऊन मग बोलायचे. त्या दिवशी माझ्या टेबलापुढं उभेच राहिले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "माय, खाल्लंस का गं?"

मी खण खसकन ओढून त्यांच्यापुढं केला. "हाव, खाल्लं. तुमच्या गावासाठी शिव्या खाल्ल्या अन् वरून हे खाल्लं. दुसरं काही खाल्लं न्हाई, अप्पा."

शेजारच्या टेबलांवर लिहिणारे हात थांबले. अप्पा त्या तेलकट कागदाकडं, शेवेच्या चुऱ्याकडं पाहत राहिले. त्यांना पटलं, ते मला दिसलं. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मला कळलं, माय. पन गावात काय सांगू? तुज्याकडं बगून कोन मानंल?"

म्हणजे नुसतं खरं असून भागणार नव्हतं, खरं बारीकही असायला हवं होतं. माझ्या अंगाची आग झाली. तरी उठले, माठातून तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरला.

"तहान न्हाई," ते म्हणाले. ओठांना भेगा पडल्या होत्या. एसटी चुकेल म्हणाले आणि गेले. आमच्या गावाकडून उन्हातून आलेला माणूस, माझ्या हातचं पाणी न पिता गेला.

तांब्या हातात तसाच होता. आतून साहेबांची घंटा वाजली, पुन्हा वाजली. मी तांब्या टेबलावर ठेवला, उघड्या खणातली मूठभर शेव तोंडात कोंबली आणि मग आत गेले.