दोन देशांच्या रेघा आणि दौलताबादचं तिकीट

दौलताबादला मी किती वेळा गेले, मोजलेलं नाही. या वेळी निघाले ते प्रणालीसाठी. ती माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची नात. शेंद्र्याकडच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी आहे, नोकरी अजून कच्ची. साहेबांची आई, किमबाई, कोरियाहून आल्या होत्या आणि त्यांना किल्ला दाखवायचं काम तिच्यावर आलं होतं.

"आजी, तू चल. पण जपून बोल. त्या नाराज झाल्या तर माझी नोकरी गेली समज."

मी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. जपून बोलायची सवय नाही.

सकाळी सातलाच निघा, नाहीतर शहराबाहेर पडतानाच, छावणीत, गाडी अडकते. शहर वाढलंय, रस्ते तेवढेच आहेत. भाड्याची गाडी जाऊन-येऊन ठरवा. पाणी घरून न्या. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली, वाटेत आम्हाला टँकरच जास्त भेटले. किल्ल्यातल्या अंधारीसाठी, म्हणजे वर जाणाऱ्या काळोख्या भुयारासाठी, बॅटरी हवीच.

तिकीटखिडकीवर आमचं तिकीट किरकोळ, किमबाईंचं कितीतरी पट. असं का, त्यांनी विचारलं. प्रणाली गडबडली.

"सांग, तुमचा देश माणशी जास्त कमावतो म्हणून," मी म्हटलं. चढता चढता पुढचंही ऐकवलं. आम्ही दोघी एकाच वयाच्या. आमच्या लहानपणी दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न सारखंच तुटपुंजं होतं. फळ्यावर मी दोन रेघा काढायचे, आधी जवळजवळ, मग कोरियाची सरळ वर गेलेली आणि आमची रांगणारी. "तुम्ही आमच्या फार पुढे गेलात, मान्य आहे."

"आजी, गप ना गं!" म्हणत प्रणालीने भाषांतर केलं.

किमबाई काहीच बोलल्या नाहीत. अंधारीत नाही, वर पोचल्यावरही नाही. पायथ्याशी पिठलं-भाकरी उत्तम मिळाली, पण प्रणालीने अर्धी भाकरी तशीच ठेवली.

दुपारी शहरात परतून गुलमंडीचा बाजार. कापडाच्या दुकानात किमबाईंनी हिमरू शाल उलटी केली आणि मागचे धागे बोटाने चाचपले. दुकानदार मला म्हणाला, "खाला, इनो तो कारीगर हैं. इनकू माल क्या दिखाना!"

प्रणालीने ते सांगितल्यावर किमबाई हसल्या आणि बोलू लागल्या.

"तुमच्या त्या रेघेवर मी कुठे होते, तेच दिवसभर शोधत होते. चौदाव्या वर्षापासून मी शिवणकारखान्यात होते. माझ्या पगारावर धाकटा भाऊ कॉलेजात गेला. तुम्हीही कॉलेजात गेलात ना? मग तेव्हा पुढे तुम्हीच होतात." शालीची घडी घालत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरून कामाला कोण गेलं?"

बाहत्तरच्या दुष्काळात मी बी.ए.ला होते. अक्का दुष्काळी कामावर खडी फोडत होती. माझी फी त्यातूनच गेली. हे मी सांगितलं आणि प्रणालीचं भाषांतर थांबलं. स्वतःच्या आजीची ही गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. मीच कधी सांगितली नव्हती.

किमबाई तिचा हात धरून थांबल्या. तिला बोलता आलं, तेव्हा पुढचं ऐकलं. मग ती शाल विकत घेऊन त्यांनी माझ्या हातात ठेवली. "एका मोठ्या बहिणीकडून दुसरीला."

पंधरा दिवसांनी मी आणि प्रणाली एसटीने सिल्लोडला अक्काकडे गेलो. अक्काने शाल उलटसुलट पाहिली. "लई भारी हाय. मला कशाला गं?"

"तुझ्यामुळं शिकले, अक्का. म्हणायचं राहिलं होतं."

"एवढी शिकून पन्नास वर्षं लागली व्हय!" मग नातीकडे वळली. "तुझी नोकरी?"

"पक्की झाली, आजी. त्या बाईंनीच साहेबांना सांगितलं."

"मग झालं तर. बसा, वाढते."

घरी परतून दोन दिवस झाले. माझ्या रेघा खोट्या नव्हत्या, आजही तशाच काढीन. पण कोणी पुन्हा शिकवायला बोलावलं, तर खडू उचलण्याआधी वर्गाला किमबाईंचा प्रश्न विचारीन: तुमच्या घरून कामाला कोण गेलं?