दोरीचे तीन झटके

बॅगेतून मास्क काढला की त्याच्या रबराच्या वासामागून मला इटियाडोह धरणाचा गाळच नाकाशी येतो. समुद्रावर स्कूबाचा पहिला कोर्स करून, अठरा मीटर खोल उतरायच्या परवान्याचं कार्ड आणि भरलेला सिलिंडर घेऊन मी सुट्टीत गावी आलो होतो, आणि त्याच दिवशी अडकलेलं जाळं सोडवायला धरणात बुडी मारलेला गावातला एक ढिवर, मासेमार, वर आलाच नाही. त्याची बायको त्याचा कोरडा सदरा छातीशी धरून माझ्यापुढे आली. "तुह्यापाशी तं कारड आहे ना बाबू, मंग काऊन उभा रायला?" कमरेला दोरी बांधून, तिचं दुसरं टोक काठावरच्या ढिवरांच्या हाती देऊन मी उतरलो. खाली स्वतःचा हात दिसेना, हाताला लागलेलं जाळं आणखी खोल गेलेलं, आणि खोलीचा काटा अठरावर आला तेव्हा माझी छाती भात्यासारखी चालत होती. त्याखाली जायला मी शिकलोच नव्हतो. मी दोरीला तीन झटके दिले. आमच्या कोर्समध्ये त्याचा अर्थ होता, मला वर ओढा. काठावरच्या ढिवरांत मात्र तीन झटके म्हणजे हाती लागलं. रिकाम्या हातांनी मी पाण्याबाहेर डोकं काढलं, तर "सापडला जी, सापडला!" असा गलका चालला होता, आणि ती गुडघाभर पाण्यात सदरा उलगडून, त्याच्या बाह्या पसरून उभी होती. पुढे मी खोल पाण्याचा कोर्सही केला. परीक्षेत विचारलं होतं, उतरण्याआधी काठावरच्यांशी काय ठरवून घ्यावं? दोरीच्या खुणा, असं मी लिहिलं. पूर्ण गुण मिळाले.