न पाहिलेल्या सिनेमांचे गुण

भुताच्या सिनेमांचं वेड मला आत्यानं लावलं. वडिलांची ही मोठी बहीण विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होती. तिनं लग्न केलं नाही. बडोद्यात रावपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. मी पाचवी-सहावीत असताना ती मला शनिवारी दुपारच्या खेळाला घेऊन जायची. आईला सांगायचं, देवाचा सिनेमा आहे. परत येताना सेवउसळ खाता खाता ती विचारायची, "बोल, दहापैकी किती?"

गुण द्यायची तिची पद्धत ठरलेली होती. भीतीला चार, गोष्टीला तीन आणि भुताच्या तक्रारीला तीन. भूत का आलंय, त्याच्यावर खरोखर अन्याय झालाय का, हे ती बारकाईनं बघायची. उगाच कुणालाही छळणाऱ्या भुताला तिच्याकडे शून्य. मी भीतीला चारपैकी चार देऊन टाकायचो, कारण अर्धा सिनेमा मी तिच्या पदराआडून पाहिलेला असायचा.

पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो. आत्याकडे सणावारीच जाणं होऊ लागलं. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिने चढणं-उतरणं कमी झालं आणि थिएटरात जाणं संपलंच. तेव्हा मीच तिला म्हटलं, आपण घरी टीव्हीवर भुतांचा हंगाम करू.

बडोद्यात तसा हंगाम आपोआपच असतो. सर्वपित्री अमावास्येला पितर जेवून जातात, मध्ये नवरात्र होतं आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी, काळी चौदसला, आसपासच्या गुजराती घरांतून वडे तळून चौकात ठेवून येतात, घरातला ककळाट, भांडणतंटा जावा म्हणून. अमावास्येपासून त्या चौदसपर्यंतच्या महिन्यात आठवड्याला तीन सिनेमे बघायचे असं ठरलं. वेळ संध्याकाळी साडेसहाची. ग्रंथालयात कॉम्प्युटर आल्यावर जुन्या यादीची कोरी कार्डं रद्दीत निघाली होती, ती आत्यानं जपून ठेवली होती. एका सिनेमाला एक कार्ड. वर सिनेमाचं नाव, डावीकडे तिचे गुण, उजवीकडे माझे, खाली एक ओळ शेरा.

पहिल्या वर्षी मी ऑफिसातून सरळ तिच्याकडे जायचो. दुसऱ्या वर्षी ट्रॅफिकचं कारण सांगून म्हणालो, आपापल्या घरी एकाच वेळी सुरू करू आणि संपल्यावर फोनवर बोलू. तिनं काही कुरकुर केली नाही. उलट म्हणाली, बरं झालं, तुझे हाल वाचतील. फक्त शेवटचा, काळी चौदसचा सिनेमा एकत्र बघायचा, एवढी तिची अट होती.

तिसरं वर्ष म्हणजे गेलं वर्ष.

पहिले तीन सिनेमे मी नीट पाहिले. चौथ्याच्या दिवशी सिनेमा लावला आणि पंधरा मिनिटांत बायको म्हणाली, मुलीची गरब्याची चणिया-चोळी आणायची राहिली, शिंपी आठ वाजता बंद करतो. मी निघालो. शिंप्याकडे गर्दी होती. बाकावर बसून मी मोबाइलवर त्या सिनेमाची गोष्ट शोधून वाचली. दोन परिच्छेदांत सगळं होतं, शेवटसुद्धा. साडेआठला आत्याचा फोन आला तेव्हा मी साडेसहा गुण दिले आणि भुताच्या तक्रारीबद्दल दोन वाक्यंही बोललो. तिला काही शंका आली नाही. मला तेव्हा लाज वाटली नाही, हुशारी वाटली.

त्यानंतर मी एकही सिनेमा पाहिला नाही. आधी कारणं असायची, मग कारण नसलं तरी जमेनासं झालं. गोष्ट वाचायला दहा मिनिटं पुरत. उरलेल्या दोन तासांत मी ऑफिसचे मेसेज बघायचो, पेट्रोल भरून यायचो. एकदा तर नुसता सोफ्यावर पडून होतो. टीव्ही समोर होता, रिमोट हाताशी होता, तरीही लावला नाही.

आत्या फोनवर प्रश्न विचारायची. पाचव्या की सहाव्या सिनेमानंतर तिनं विचारलं, "त्या घराच्या चौकटी अशा का रे दाखवल्यात? सगळ्या वाकड्या, पाण्यात पडल्यासारख्या."

मी काही पाहिलंच नव्हतं. पण उत्तर लगेच सुचलं. म्हणालो, "झपाटलेलं घर आहे ना, आत्या. मुद्दामच तसं केलंय. कॅमेऱ्याची करामत असते ती."

तिला ते आवडलं. माणसानं डोकं लावलंय, असं म्हणून तिनं अर्धा गुण वाढवला.

त्यानंतरच्या सिनेमातल्या बाईच्या भुताला तोंडच नव्हतं, असं ती म्हणाली. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. इतकं साधं आणि इतकं भयंकर भूत तिनं आजवर पाहिलं नव्हतं. तिनं आठ दिले. मी म्हटलं, हो, मीसुद्धा दचकलो, आणि साडेसात दिले. मध्ये एकदा तिनं पेपरच्या छपाईचीही तक्रार केली. ओळी एकमेकींत शिरतात, हल्ली पेपर छापतात की सारवतात कोण जाणे. मी हसलो. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून तेव्हा मी दुसऱ्या कुणाला तरी उत्तर टाइप करत होतो.

काळी चौदसला चार वाजता मी फराळाचे डबे घेऊन रावपुऱ्यात गेलो. जिन्यात तळणीचा वास भरला होता. आत्यानं चहा केला. कप माझ्या हातात देताना तिचा अंदाज जरा चुकला आणि थोडा चहा बशीत सांडला. मला वाटलं, वय झालं. सिनेमा सुरू झाला. ती टीव्हीकडे सरळ तोंड करून बसली नव्हती. मान तिरपी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं तशी बघत होती.

सिनेमातली मुलगी एका दाराशी येऊन थांबली. साधं हिरवं दार, साधी चौकट.

"बघ, इथेसुद्धा चौकट वाकडी," आत्या म्हणाली. "हल्ली सगळेच ही करामत करतात."

चौकट सरळ होती.

मी सिनेमा थांबवला. त्या दाराकडे परत बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. महिनाभरात मला पहिल्यांदा भीती वाटली. मी तिला खिडकीकडे बघायला सांगितलं आणि विचारलं, खिडकीचे गज कसे दिसतात.

"ते केव्हाचे वाकलेत," ती म्हणाली. "घरमालकाला सांगायचंच राहिलंय."

मग मी तिला एकेक डोळा झाकायला लावला. डाव्या डोळ्यानं तिला लहानपणापासूनच कमी दिसायचं, तिचा सगळा कारभार उजव्यावर चालायचा. डावा झाकल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, की माझे कान दिसतात, केस दिसतात, पण मधलं तोंड दिसत नाही. हे सांगताना ती घाबरलेली नव्हती. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असंच तिला वाटत होतं. घाबरलो होतो मी, कारण त्या क्षणी मला त्या बिनतोंडाच्या भुताचा उलगडा झाला होता.

दिवाळीत बडोद्यातले बहुतेक दवाखाने भाऊबिजेनंतरच्या लाभपाचमेपर्यंत बंद असतात. मी पाच-सहा ठिकाणी फोन केले. शेवटी ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं सयाजीगंजमधले एक डॉक्टर पाडव्याला सकाळी बघायला तयार झाले. त्यांनी आत्यासमोर चौकटी आखलेला एक कागद धरला आणि रेषा सरळ दिसतात का विचारलं. ती म्हणाली, मधल्या वाकड्या आहेत आणि अगदी मधोमध काहीच नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे रक्त आणि पाणी साचलं होतं. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागणार होतं, तेही दर महिन्याला, काही महिने.

पहिलं इंजेक्शन झाल्यावर आत्या आत पट्टी बांधून बसली होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि वाकडं दिसायला लागून किती दिवस झाले ते विचारलं. तीन आठवडे तरी, मी म्हणालो.  मग त्यांनी समजावून सांगितलं, की उरलेली नजर टिकेल, पण मधली गेलेली परत येणं अवघड आहे. तेव्हाच आला असतात तर बरंच वाचलं असतं. त्यांनी मला दोष दिला नाही. त्यांना मी पेशंटपासून दूर राहणारा एक भाचा वाटलो असेन, आणि तो मी होतोच.

त्या आठवड्यात मी ते सगळे सिनेमे पाहिले, ओळीनं. वाकड्या चौकटींचं घर सरळ होतं. बिनतोंडाच्या बाईला चांगला चेहरा होता, मोठे डोळे, कपाळावर कुंकू. हे मी त्याच संध्याकाळी पाहिलं असतं तर आत्याला म्हणालो असतो, अगं, तोंड आहे की तिला. एवढ्या एका वाक्यानं पुढचं सगळं बदललं असतं.

दुसऱ्या इंजेक्शननंतर मी तिला सांगायचं ठरवलं. तिच्या घरी, संध्याकाळी, तिच्या डोळ्यांत थेंब घालून झाल्यावर. म्हणालो, "आत्या, मी ते सिनेमे पाहिले नव्हते. चौथ्यापासून एकही नाही."

ती डोळे मिटूनच पडली होती. तिनं विचारलं, मग त्या बाईला साडेसात कसे दिले. मी म्हणालो, तू आठ दिलेस म्हणून. मग तिनं विचारलं, ती फोन करायची तेव्हा मी कुठे असायचो. मी सगळं सांगितलं, शिंपी, पेट्रोल पंप. सोफ्याचं सांगू नये असं फार वाटलं, पण तेही सांगितलं.

"म्हणजे मी एकटीच बघत होते," ती म्हणाली.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिनं कापूस मागितला, डोळ्यातून ओघळलेला थेंब टिपला आणि मला म्हणाली, अंधार पडायच्या आत नीघ, मुलीला क्लासला सोडायचं असेल.

आता ती पेपर वाचत नाही. शेजारच्या बेन तिला गुजराती पेपरातले मथळे वाचून दाखवतात. चालताना भिंतीचा आधार घेते, पण स्वयंपाक स्वतःच करते. या वर्षी सर्वपित्रीला मी न विचारताच तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, तुला कशाला आता त्रास. तरी तिनं टीव्हीसमोर दोन खुर्च्या ओढल्याच. आता मी शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगत जातो. माणूस दाराशी आला, दार उघडं आहे, आत कुणी नाही. एखादी गोष्ट मला कळली नाही तर कळली नाही म्हणून सांगतो. ती ऐकते आणि मध्येच म्हणते, हळू सांग, भीती वाटू दे जरा.

पण डॉक्टरांनी बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. मागच्या बुधवारी सिनेमा संपल्यावर तिनंच विचारलं, "डॉक्टर तेव्हा काय म्हणाले होते रे? आपल्याला उशीर झाला का?"

मी म्हणालो, "वयानं होतं असं, म्हणाले."

"हं," आत्या म्हणाली आणि शनिवारी कुठला सिनेमा आहे ते विचारलं.

हे सगळं लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं, असं मी ठरवलंय. कधी, ते अजून ठरलेलं नाही.