लग्न आधी की परवाना आधी

ती दातांच्या कवळ्या बनवायची. परदेशातल्या एका लॅबमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर बसून मेणात एकेक दात बसवायची. कायम राहण्याच्या परवान्यासाठी तिने अर्ज केला तेव्हा ती एकटी होती आणि अर्जातही तसंच लिहिलं होतं. मग मावशीने स्थळ सुचवलं. मुलगा मायदेशी शाळेत खेळ शिकवणारा मास्तर. फोनवर बोलता बोलता दोघांचं जमलं, आणि चांगलंच जमलं.

तिचा अर्ज बघणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "आत्ता लग्न केलंत तर नवऱ्याला याच अर्जात घ्यावं लागेल, म्हणजे तपासणी नव्याने. परवान्यानंतर केलंत तर त्याला वेगळं स्पॉन्सर करावं लागेल, त्यालाही वेळ जाईल. पण लग्न करून लपवलंत, तर पुढे त्याला आणणं विसरा."

"मग करू काय?"

"निकाल जवळ आलाय असं दिसतंय. थांबा."

ती थांबली. निकाल लांबत गेला, तसा लग्नाचा हॉल दोनदा ठरला, दोनदा रद्द झाला. दुसऱ्या वेळी मावशी फोनवर कडाडली, "गुपचूप उरकून टाक गं! तिथल्या साहेबाला काय स्वप्न पडणार आहे?"

"आणि विचारलं तर खोटं बोलू? सापडले तर तो जन्मभर तिकडेच, मावशी."

मास्तर ओरडला नाही, तेच तिला जास्त लागलं. "दर वेळी तू फाइलला विचारतेस," तो म्हणाला. "मला कधी विचारणार?"

त्या दिवशी तिने एक अख्खी कवळी वाकडी लावली. राग काढायचा कोणावर? वकीलबाई खरं तेच सांगत होत्या. मास्तरही.

शेवटी तिने रजा टाकली, मायदेशी गेली, मास्तरबरोबर नोंदणी कार्यालयात सह्या केल्या आणि परतल्याबरोबर इमिग्रेशनच्या ऑफिसला कळवलं, लग्न झालंय, नवऱ्याचं नाव घाला. त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईचा परवाना आला. दोघींनी अर्ज बरोबरच केला होता. बाईने आणलेला केक हिने तसाच टेबलावर ठेवला.

मग ऑफिसची विचारणा आली. लग्नाला माणसं इतकी कमी का? एकत्र फोटो इतके थोडे का? लग्न खरं कशावरून?

फोनवर ते ऐकून मास्तरचा तोल गेला. "अरे, तुमच्यापायीच एकत्र राहता येत नाहीये ना, गाढवांनो!"

ती खूप दिवसांनी हसली. "असंच लिहू का?"

वकीलबाईंनी तेच सभ्य भाषेत लिहिलं. दोघांचे परवाने आले, पण मास्तर विमानतळावर उतरला तेव्हा लग्नाला दोन वर्षं होत आली होती. टॅक्सीत बसताच बॅगांवरून त्यांचं जुंपलं. ड्रायव्हर आरशातून बघत राहिला.

"काय करणार," ती आता सांगते, "समोरासमोर भांडायलासुद्धा मिळालं नव्हतं हो आम्हाला."